एक ओळ, हजार अटी : सॉफ्टवेअर पॅकेजांच्या जुळवणीचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्रॅम बसवायचा, यात इतिहास कुठून आला? एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, चहा घेऊन यायचं. मला त्या एका ओळीच्या मागेच जायचं आहे.

सुरुवात एका प्रसंगापासून करतो. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. एम.एस्सी.ला असताना तिनं पावसाच्या नोंदींवर काम करणारा एक प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला होता. पीएच.डी.साठी तोच पुन्हा चालवायला गेली, तर चालेना. तिनं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मग दुसऱ्या एका मशीनवर तो कसाबसा चालला, पण उत्तरं दशांश चिन्हानंतर वेगळी येऊ लागली. ती मला म्हणाली, "सर, मी काहीच केलं नाही, मग बदललं काय?" प्रश्न अगदी रास्त होता. बदललं होतं ते तिच्या प्रोग्रॅमच्या पायाखालचं. तिचा प्रोग्रॅम आणखी सात-आठ लायब्रऱ्यांवर उभा होता, त्या लायब्रऱ्या आणखी कशाकशावर, आणि यातलं नेमकं काय बसवायचं हे ठरवणारा कोणी तिसराच होता. त्या तिसऱ्याची ही गोष्ट आहे.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. एका पॅकेजला चालण्यासाठी दुसरं पॅकेज लागतं, त्याला सगळे डिपेंडन्सी म्हणतात. मी त्याला साधं 'गरज' म्हणेन. आणि सगळ्यांच्या गरजा एकाच वेळी भागतील अशा आवृत्त्या निवडणं, याला म्हणू 'जुळवणी'.

पेटी आणि तिच्यावरची चिठ्ठी

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम हवा असेल, तर त्याचा सोर्स कोड उतरवून घ्यायचा आणि स्वतः कंपाइल करायचा, अशी पद्धत होती. अर्ध्यात कुठेतरी अडायचं: अमुक लायब्ररी सापडली नाही. ती शोधून आणावी, तर तिला आणखी एक लागायची. मारुतीच्या शेपटासारखं ते लांबतच जायचं.

ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. डेबियनमधली महत्त्वाची कल्पना अशी, की प्रत्येक प्रोग्रॅम तयार करून एका पेटीत भरायचा आणि पेटीवर चिठ्ठी लावायची. ही पेटी म्हणजे पॅकेज. चिठ्ठीवर काय असतं? याला काय लागतं, काय असलं तर बरं, आणि कशाशी याचं जमत नाही. म्हणजे गरज, शिफारस आणि वैर, तिन्ही लेखी. आणखी एक सुंदर नोंद असायची: हे पॅकेज कोणतं काम पुरवतं. म्हणजे 'मला टपाल पोहोचवणारा कोणीतरी हवा, कोण ते मला चालेल' असंही एखादं पॅकेज सांगू शकायचं. या पेट्या उघडून बसवणाऱ्या डीपीकेजी या साधनाला इयन जॅक्सन यांनी पक्कं रूप दिलं. १९९५ मध्ये रेड हॅटच्या मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम आणलं. कल्पना तीच, घराणं वेगळं.

पण ही साधनं करायची काय? चिठ्ठी वाचायची आणि गरज भागत नसेल तर थांबायची. 'याला ते लागतं, ते तुमच्याकडे नाही.' बस. ते कुठून आणायचं, हा प्रश्न तुमचा. वापरणारे लोक याला 'आरपीएम हेल' म्हणायला लागले. साधन प्रामाणिक होतं, उपयोगी मात्र अर्धंच.

१९९६ च्या डेबियन १.१ मध्ये ४७४ पॅकेजं होती. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ आलं, तेव्हा सुमारे सव्वादोन हजार. एवढ्यांच्या चिठ्ठ्या हातानं कोण जुळवणार? त्याच २.१ मध्ये 'ॲप्ट' आलं. आता एक ओळ लिहिली, की ते स्वतः चिठ्ठी वाचायचं, गरजांच्या गरजा शोधायचं, उतरवून आणायचं आणि क्रमानं बसवायचं. आरपीएमच्या घराण्यात हेच काम पुढे 'यम'नं केलं. ड्यूक विद्यापीठातल्या सेथ विडाल यांचा त्यात मोठा वाटा होता. आपल्याकडे हे नाव उच्चारताना जरा दचकायला होतं, पण या यमानं अनेकांचे प्राण वाचवले!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डेबियनच्या एका स्थिर आवृत्तीत साधारणपणे प्रत्येक पॅकेजची एकच आवृत्ती असते. ती इतरांशी जुळते की नाही, हे प्रकाशनाच्या आधी स्वयंसेवकांनी महिनोन्‌महिने तपासलेलं असतं. म्हणजे निवडीचं बरंचसं ओझं माणसांनी आधीच उचललेलं असतं. ॲप्टची जुळवणी अंदाजांवर चालायची, तरी बहुतेक वेळा निभायची, याचं हे एक मोठं कारण आहे. कधीकधी मात्र ते निम्मी सिस्टीम काढून टाकण्याचा प्रस्ताव ठेवायचं, किंवा मार्ग असतानाही 'मार्ग नाही' म्हणायचं.

कोडं किती अवघड आहे?

आता गणित. घाबरू नका, कागद-पेन्सिल लागणार नाही.

समजा तुम्हाला 'क' आणि 'ख' ही दोन पॅकेजं हवी आहेत. दोघांनाही 'ग' लागतं. 'क' म्हणतं, मला 'ग'ची दुसरी किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. 'ख' म्हणतं, मला दुसरीच्या आधीचीच चालते. आणि मशीनवर 'ग'ची एकच आवृत्ती राहू शकते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मग मागे वळून बघायचं: 'ख'ची एखादी वेगळी आवृत्ती आहे का, जिला नवा 'ग' चालतो? असेल तर ती घ्यायची. पण तिला एक नवंच 'घ' लागतं. पुन्हा तेच. सुडोकू सोडवणाऱ्यांना हे ओळखीचं आहे. एका घरात ५ लिहिला, दहा घरं पुढे गेल्यावर कळलं की चुकलं, आता खोडत मागे या.

२० पॅकेजं आणि प्रत्येकाच्या १० आवृत्त्या धरा. एकूण जोड्या होतात १ वर २० शून्यं. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या, तरी सगळ्या तपासायला ३,००० वर्षांहून जास्त काळ लागेल. चहा घेऊन येण्याइतकं हे काम नाही.

एखादी हुशार युक्ती सापडेल का, जी प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल? २००५ च्या सुमारास दोन ठिकाणी हा प्रश्न गांभीर्यानं घेतला गेला. डेबियनच्या 'ॲप्टिट्यूड' या साधनाचे लेखक डॅनियल बरोज यांनी, आणि युरोपातल्या 'ईडॉस' या संशोधन प्रकल्पानं. ईडॉसमध्ये रोबेर्तो दि कॉस्मो आणि त्यांचे सहकारी होते. दोघांचा निष्कर्ष एकच. एखादं पॅकेज बसवता येईल का, हा प्रश्न 'एनपी-कम्प्लीट' आहे. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी तर्कशास्त्राच्या ज्या प्रश्नाबद्दल मूळ सिद्धांत मांडला, त्याच कुळातला. त्या प्रश्नाला 'सॅट' म्हणतात. बरेच दिवे आहेत, प्रत्येक चालू किंवा बंद, आणि अटींची एक यादी आहे. सगळ्या अटी पाळणारी मांडणी आहे का? पॅकेजच्या भाषेत दिवा चालू म्हणजे ही आवृत्ती बसवायची, बंद म्हणजे नाही. या कुळातल्या प्रश्नांना प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

वाईट बातमी वाटते ना? गंमत अशी, की तीच चांगली बातमी ठरली. कारण सॅटवर दुसरीकडे वर्षानुवर्षं काम चाललं होतं, चिपची रचना तपासण्यासाठी वगैरे. १९९६ चं ग्रास्प, २००१ चं चॅफ, मग स्वीडनमधल्या दोन संशोधकांचं, निक्लास एन आणि निक्लास सोरेन्सन यांचं छोटंसं मिनिसॅट. यांची मुख्य खुबी एका वाक्यात सांगतो: अडलं की नुसतं मागे फिरायचं नाही, का अडलं ते वहीत लिहून ठेवायचं. 'क-३ आणि घ-५ एकत्र येणार नाहीत' हे एकदा कळलं, की ते दोघं जिथे एकत्र येतात अशा लाखो जोड्या एका फटक्यात बाद. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, हेच तत्त्व. सर्वांत वाईट परिस्थितीत हेही अडकतं, पण खऱ्या पॅकेजांच्या चिठ्ठ्या सहसा इतक्या कुटिल नसतात.

मग जून २००८ मध्ये आलेल्या ओपनसुसे ११.० मध्ये मायकेल श्रोडर यांनी लिहिलेला सॅटवर आधारलेला जुळवणी करणारा भाग होता. त्याच वर्षी 'एक्लिप्स' या प्रोग्रॅमरांच्या साधनानंही सॅटचीच वाट धरली. २०१५ मध्ये फेडोरा २२ नं यमाच्या जागी डीएनएफ आणलं, तेही श्रोडर यांच्याच लायब्ररीवर. सिद्धांत आणि ओटा यांचं इतकं सरळ नातं क्वचित दिसतं.

पायथनची गोष्ट

आता त्या विद्यार्थिनीकडे परत. ती पायथन वापरत होती, आणि पायथनचा रस्ता वेगळा होता.

सन २००० मध्ये पायथनमध्ये 'डिस्टयूटिल्स' आलं. ते पॅकेज बांधायचं आणि बसवायचं. गरजा जुळवणं त्याच्या खिजगणतीत नव्हतं. २००३ मध्ये पायपीआय हे सार्वजनिक कोठार सुरू झालं. २००४ मध्ये फिलिप एबी यांचं सेटअपटूल्स, आणि २००८ मध्ये इयन बिकिंग यांचं 'पिप'. आज जगभर जे वापरतात, ते हेच पिप.

डेबियनची मघाची गोष्ट आठवा. तिथे एका पॅकेजची एक आवृत्ती, आणि ती सगळी आधी जुळवून पाहिलेली. पायपीआयवर प्रत्येक पॅकेजच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या पडलेल्या, आणि एकमेकांशी त्या जुळतात का, हे एकत्र बसून तपासणारं कोणी नाही. कोणीही यावं, पॅकेज ठेवावं. या मोकळेपणामुळेच पायथन वाढली. पण माणसांनी उचललेलं ते ओझं आता साधनावर आलं, आणि साधन त्यासाठी बांधलेलंच नव्हतं.

जुनं पिप करायचं काय? पहिला आला, त्याची अट मान्य. 'क' म्हणालं, मला कुठलाही 'ग' चालेल. पिपनं सर्वांत नवा, समजा तिसरा 'ग' घेतला. मागून 'ख' आलं आणि म्हणालं, मला दुसरीच्या आधीचा 'ग' हवा. पिप म्हणायचं, 'ग' तर ठरला! मागे फिरणं नाहीच. सगळं बसवून मोकळं. पुढे पुढे शेवटी इशाऱ्याची एक ओळ छापली जायला लागली, पण ती वाचतो कोण? तुम्ही ओळीत 'क' आधी लिहिता की 'ख', यावर मशीनवर काय बसणार ते ठरायचं. आरपीएम निदान तोंडावर नाही म्हणायचं. पिप हो म्हणायचं आणि बिघडलेलं हातात द्यायचं.

हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. 'पिपला खरी जुळवणी हवी' अशी नोंद २०१३ पासून पिपच्या कामांच्या यादीत होती. मग सात वर्षं का लागली?

पहिलं कारण तांत्रिक. चिठ्ठी पेटीवर नव्हती, आत होती. सोर्सच्या स्वरूपातल्या पायथन पॅकेजच्या गरजा 'सेटअप' नावाच्या एका प्रोग्रॅमच्या पोटात असत. गरजा कळायच्या, तर अख्खं पॅकेज उतरवा आणि तो प्रोग्रॅम चालवून बघा. तो विंडोजवर एक उत्तर देऊ शकतो, लिनक्सवर दुसरं. पन्नास आवृत्त्यांमधून निवडायचं, तर पन्नास पेट्या उघडायच्या! पुढे 'व्हील' हे नवं स्वरूप आलं, त्यात गरजांची नोंद नीट लेखी असते. चिठ्ठी पेटीपासून वेगळी मिळावी, असा नियम मात्र २०२१ पर्यंत आला नव्हता.

दुसरं कारण माणसांचं. पिप सांभाळणारे मोजकेच लोक, बहुतेक आपापल्या नोकऱ्या सांभाळून. जगातल्या प्रयोगशाळा आणि कंपन्या ज्याच्यावर उभ्या, त्याच्या दुरुस्तीला पूर्ण वेळ द्यायला कोणी नाही. २०१७ मध्ये गूगलच्या समर ऑफ कोड योजनेत प्रद्युन गेडाम या विद्यार्थ्यानं हाच प्रश्न हाती घेतला, आणि एका उन्हाळ्यात संपणारं हे काम नाही, हेही त्यातून दिसलं. मग मोझिला आणि चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्ह यांनी मिळून ४,०७,००० डॉलर दिले. त्झू-पिंग चुंग यांची रिझॉल्व्हलिब ही लायब्ररी पायाला घेतली गेली. ३० नोव्हेंबर २०२० रोजी पिप २०.३ आलं, आणि पिप पहिल्यांदा मागे फिरायला शिकलं.

टाळ्या वाजल्या का? फारशा नाहीत. काल बसणारी यादी आज बसेना, अशा तक्रारी आल्या. त्या याद्यांमध्ये विसंगती आधीपासूनच होती, फक्त आता ती कोणीतरी बोलून दाखवत होतं. काहींच्या मशीनवर पिप तासन्‌तास एकामागून एक जुन्या आवृत्त्या उतरवत बसलं, कारण चिठ्ठी पेटीच्या आत. या गैरसोयी खऱ्या होत्या, त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण खोटं 'हो' आणि खरं 'नाही' यांतलं मी दुसरं निवडीन.

दुसऱ्या वाटा

सगळ्यांनी हे कोडं सोडवलंच असं नाही. काहींनी ते टाळलं.

२०१० मध्ये आयझॅक श्लूटर यांचं एनपीएम आलं. त्यानं सांगितलं, 'ग'वरून भांडता कशाला, 'क'ला वेगळा 'ग' देऊ, 'ख'ला वेगळा. दोन भावांना दोन चुली. भांडण मिटलं, पण घर भरलं. आणि चिमुकली पॅकेजं एकमेकांवर रचण्याची सवय लागली. मार्च २०१६ मध्ये ११ ओळींचं 'लेफ्ट-पॅड' हे पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि हजारो प्रकल्पांची बांधणी अडली.

त्याच २०१० मध्ये रूबी भाषेच्या 'बंडलर'नं वेगळी गोष्ट रूढ केली. जुळवणी एकदा करा आणि निकाल फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोडं सोडवू नका, उत्तर वाचा. याला लॉकफाइल म्हणतात. आणि २०१८ मध्ये गो भाषेसाठी रस कॉक्स यांनी नियमच बदलले. अटी फक्त 'निदान अमुक आवृत्ती' एवढ्याच लिहायच्या, आणि सगळ्यांना पुरेल अशी सर्वांत जुनी आवृत्ती निवडायची. 'याच्या पुढची नको' असं म्हणायची सोय काढून घेतली, की कोडं उरतच नाही. मात्र त्या बदल्यात पॅकेज लिहिणाऱ्याला शब्द द्यावा लागतो, की नवी आवृत्ती जुन्याचं मोडणार नाही.

कारण सांगणं

शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुळवणी होतच नसेल, तेव्हा सॅटचं यंत्र सांगतं: अशक्य. बरोबर आहे, पण माणसानं त्याचं करायचं काय? एप्रिल २०१८ मध्ये डार्ट भाषेवर काम करणाऱ्या नॅटली वायझेनबाउम यांनी 'पबग्रब' ही रीत मांडली. का अडलं याची जी वही आत लिहिली जातेच, तीच माणसाच्या भाषेत वाचून दाखवायची. 'क'च्या सगळ्या आवृत्त्यांना नवा 'ग' लागतो, 'ख'ला जुना. तुम्ही दोघेही मागितलेत. म्हणून जमत नाही. २०२४ मध्ये आलेलं पायथनचं 'यूव्ही' हे साधन हीच रीत वापरतं.

त्या विद्यार्थिनीचं काय झालं? तिच्या यादीत फक्त नावं होती, आवृत्त्या नव्हत्या. आम्ही जुन्या तारखा बघत, एकेक आवृत्ती मागे नेत, जवळजवळ दोन आठवड्यांनी मूळ आकड्यांपर्यंत पोहोचलो. मग तिनं लॉकफाइल केली आणि प्रबंधाच्या परिशिष्टात छापली. परीक्षकांनी त्याबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पावसाच्या नोंदी कुठल्या केंद्रावरच्या हे मी लिहिते, मग त्या कशानं मोजल्या ते का लिहू नये?"

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांतील एक येथे देत आहोत.)

प्रश्न : मग एकदा जुळलेल्या आवृत्त्या कायमच्या गोठवून ठेवल्या तर?

उत्तर : मोह होतो खरा. पण एप्रिल २०१४ आठवा. ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' हे भगदाड सापडलं. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्यात होत्या, १.०.१जी मध्ये दुरुस्ती झाली. ज्यानं जुनी आवृत्ती गोठवली, त्यानं भगदाडही गोठवलं. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी करायच्या. केलेल्या संशोधनाची नोंद गोठवून जपायची, आणि रोज चालणाऱ्या यंत्रणेची जुळवणी ठरावीक काळानं नव्यानं करायची. वारसाहक्काचे जुने कागद आपण कपाटात ठेवतो, पण घराचं छप्पर दर पावसाळ्यापूर्वी बघतोच ना? तसंच.